फार्सीतील सामर्थ्यवाचक क्रियापदे : भूतकालीन प्रयोगाचा इतिहास

एखादी कृती करण्याची शक्ती, मुभा किंवा संधी कर्त्याच्या ठिकाणी होती, हे भूतकाळाच्या संदर्भात सांगणारी क्रियापदरचना. आधुनिक फार्सीत हे कार्य मुख्यतः ‘तवानेस्तन्’ (शकणे, समर्थ असणे) हे क्रियापद करते. त्याची भूतकाळात दोन प्रमुख रूपे होतात. ‘तवानेस्तम्’ ह्या साध्या भूतकाळाच्या रूपाने ‘मी ते करू शकलो, म्हणजे केले’ असा अर्थ व्यक्त होतो. तर ‘मीतवानेस्तम्’ ह्या अपूर्ण भूतकाळाच्या रूपाने ‘मी ते करू शकत होतो’ एवढेच सांगितले जाते, प्रत्यक्षात कृती घडली की नाही हे त्यातून कळत नाही. सामर्थ्य व निष्पत्ती यांतील हा भेद केवळ व्याकरणाचा विषय नाही. फार्सी ही अनेक शतके इराण, मध्य आशिया व भारत येथील राज्यकारभाराची आणि इतिहासलेखनाची भाषा असल्याने, एखादा राजा किंवा सेनापती एखादी गोष्ट ‘करू शकला नाही’ की ‘करू शकत नव्हता’, याचा निर्णय पुष्कळदा एका क्रियापदाच्या रूपावर अवलंबून राहतो. हा भेद भाषेत आरंभापासून असाच नव्हता. सुमारे अडीच हजार वर्षांच्या विकासातून तो आजच्या स्वरूपास आला.

प्राचीन फार्सी : फार्सी ही इंडो-यूरोपीय भाषाकुटुंबातील इराणी शाखेची भाषा असून संस्कृतशी तिचे निकटचे नाते आहे. तिच्या प्राचीन अवस्थेची माहिती अ‍ॅकिमेनिड राजांच्या कीलाक्षरी लेखांतून मिळते. त्यांतील सर्वांत मोठा लेख म्हणजे पहिला दारयवहु (डरायस, कार. इ. स. पू. ५२२–४८६) याने बेहिस्तून येथील कड्यावर प्राचीन फार्सी, एलामाइट व बॅबिलोनियन अशा तीन भाषांत कोरविलेला लेख होय. भूतकालीन सामर्थ्याचा फार्सीतील अत्यंत महत्त्वाचा असा जुना दाखला ह्याच लेखात आढळतो. गौमात नावाच्या मगाने राज्य बळकावले असता त्याच्याकडून ते हिरावून घेऊ शकेल असा एकही पुरुष नव्हता, ना पारशी, ना मीड, ना आपल्या कुळातला, असे दारयवहु तेथे सांगतो. ‘हिरावून घेऊ शकेल’ या अर्थी लेखात ‘दीतम् चख्रिया’ असे शब्द आहेत. त्यांपैकी ‘दीतम्’ हे ‘हिरावून घेणे’ या अर्थाच्या धातूचे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित असून ‘चख्रिया’ हे ‘कर्’ (करणे) या धातूचे परोक्ष भूतकाळाच्या अंगापासून झालेले विध्यर्थी रूप आहे. संस्कृतातील ‘चकार’, ‘चक्रे’ यांत दिसणारे द्विरुक्त अंग येथेही आहे. उपलब्ध प्राचीन फार्सी लेखांत परोक्ष भूतकाळाच्या अंगाचे हे एवढेच रूप आढळते.

धातुसाधिताला ‘करणे’ या क्रियापदाची जोड देऊन सामर्थ्य दाखविण्याची ही पद्धत इराणी भाषांत एकाकी नाही. सॉग्डियन व खोतानी या मध्य इराणी भाषांतही तिच्याशी जुळणारी रचना आढळते. तिचा मूळ आशय ‘कृती पूर्णत्वास नेणे, करून दाखविणे’ असा असावा. म्हणजे सामर्थ्याची कल्पना येथे शक्तीच्या कल्पनेतून न येता सिद्धीच्या कल्पनेतून आलेली आहे. लेखातील विधान राजकीय दृष्ट्या किती मोलाचे होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. दारयवहूचा राज्यावरील हक्क वादग्रस्त होता. दुसऱ्या कोणी प्रयत्न करून तो फसला, असे त्याने म्हटलेले नाही. तसे करण्याचे सामर्थ्यच कोणात नव्हते, असे म्हटले आहे. फार्सीतील हा जुना सामर्थ्यवाचक प्रयोग अशा रीतीने एका राजाच्या वैधतेचा पुरावा म्हणून कोरला गेला.

‘तवानेस्तन्’ या क्रियापदाचे मूळही याच काळात सापडते. नक्श-इ-रुस्तम येथील दारयवहूच्या समाधिलेखात शरीरात बळ असणे या अर्थी ‘तावयति’ असे रूप आले आहे. त्यातील ‘तव्’ हा धातू वैदिक भाषेतील ‘तवस्’ (बलवान), ‘तवीति’ (बलवान असतो) या शब्दांतील धातूशी सगोत्र आहे. प्राचीन फार्सीत मात्र तो शारीरिक बळाचाच वाचक असून अन्य क्रियापदाला साहाय्य करण्याचे कार्य त्याच्याकडे आलेले दिसत नाही.

बेहिस्तूनच्या लेखाचे वाचन करणारा सर हेन्री क्रेझिक रॉलिन्सन (१८१०–९५) हा १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला होता व भारतातील वास्तव्यातच त्याने फार्सीचा अभ्यास केला. १८३५ पासून त्याने या कड्यावरील मजकुराच्या प्रती घेतल्या आणि प्राचीन फार्सी पाठ १८४६-४७ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृत व अवेस्ता यांच्या तौलनिक अभ्यासामुळे पुढे या पाठातील क्रियापदरूपांचा उलगडा अधिक नेमकेपणाने होऊ शकला.

मध्य फार्सी : सासानी काळात (इ. स. २२४–६५१) राजभाषा असलेल्या व पेहलवी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या मध्य फार्सीत जुनी धातुसाधित-रचना मागे पडून तिची जागा ‘तुवान्’ या शब्दाने घेतली. याचे एक कारण भाषेच्या एकंदर घडणीत शोधता येते. प्राचीन भूतकाळाची प्रत्यययुक्त रूपे या अवस्थेपर्यंत नष्ट झाली होती आणि कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित हेच भूतकाळाचे सर्वसाधारण अंग बनले होते. मराठीत ‘त्याने काम केले’ यातील ‘केले’ हे रूप मूळच्या ‘कृत’ या धातुसाधितापासून आले, तशीच ही प्रक्रिया आहे. आणि मराठीप्रमाणेच मध्य फार्सीतही सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्मणी प्रयोग होत असे. जे धातुसाधित साध्या भूतकाळासाठी वापरात आले, त्याच्याकडे सामर्थ्यबोधाचे वेगळे कार्य राहणे अवघड झाले असावे, असे अनुमान करता येते.

‘तुवान्’ हा शब्द मुळात नामासारखा, ‘शक्ती, शक्यता’ या अर्थाचा होता व त्याच्यापुढे मुख्य क्रियापदाचे धातुसाधित नाम येऊन ‘करणे शक्य’ अशा अर्थाची कर्तृनिरपेक्ष रचना होई. त्याच्यापासून ‘तुवानिस्तन्’ हे क्रियापद सिद्ध झाले. त्याच्या भूतकालीन अंगातील ‘-इस्त’ हा अंश महत्त्वाचा आहे. प्राचीन धातुसाधितापासून आलेली भूतकालीन अंगे सामान्यतः ‘-त’ किंवा ‘-द’ या वर्णांनी संपतात, उदा., ‘रफ्त’ (गेला), ‘कर्द’ (केले). ज्या क्रियापदांना असे परंपरागत अंग नव्हते, त्यांना ‘-इस्त’ जोडून ते नव्याने घडविण्यात येई. ‘तुवानिस्त’ हे असेच घडविलेले रूप आहे. शक्तिवाचक शब्दाला कालवाचक रूपे मिळाल्यावरच तो खऱ्या अर्थाने साहाय्यक क्रियापद होऊ शकला. याच काळात ‘शायिस्तन्’ (शक्य असणे, योग्य असणे) हे क्रियापदही याच कार्यासाठी प्रचारात होते.

पेहलवी ग्रंथांच्या अभ्यासाचे मुंबई हे एक प्रमुख केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी दस्तुरांनी व विद्वानांनी तेथे अनेक पेहलवी ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. दस्तुर पेशोतन संजाना यांनी १८७४ मध्ये दीनकर्त या ग्रंथाच्या प्रकाशनास आरंभ केला, तर दस्तुर जामास्पजी मिनोचेहेरजी जामास्प-आसाना यांनी संपादिलेला पेहलवी संहितांचा संग्रह १८९७ व १९१३ असा दोन भागांत निघाला. मध्य फार्सीच्या क्रियापदविचाराला लागणारी बरीच सामग्री अशा आवृत्त्यांतून अभ्यासकांच्या हाती आली.

अभिजात फार्सी : अरबांच्या विजयानंतर सुमारे दोन शतकांनी अरबी लिपीतील नवी फार्सी वाङ्‌मयीन भाषा म्हणून पुढे आली. दहाव्या व अकराव्या शतकांतील गद्यात सामर्थ्य दाखविण्याची एकाहून अधिक साधने एकत्र नांदताना दिसतात. ‘तवानिस्तन्’ हे त्यांतील मुख्य. त्याच्या जोडीला ‘यारस्तन्’ (धजणे, शकणे) व ‘शायिस्तन्’ ही क्रियापदे होती. ‘दानिस्तन्’ (जाणणे) हे क्रियापदही काही वेळा ‘करू जाणणे, करू शकणे’ या अर्थाने येई. ‘नयारस्त गुफ्त’ म्हणजे ‘बोलू धजला नाही’. येथे अडथळा बळाचा नसून धैर्याचा आहे. पुढे या क्रियापदांचे क्षेत्र आकुंचित होत गेले. ‘यारस्तन्’ बोलीतून गेले व काव्यात उरले. ‘शायिस्तन्’ची कालरूपे लोपली आणि त्याचे ‘शायद’ हे एक रूप ‘कदाचित’ या अर्थाचे अव्यय होऊन बसले. ‘दानिस्तन्’ आपल्या मूळ अर्थाकडे परतले. सामर्थ्यबोधाचे सारे ओझे अशा रीतीने एकट्या ‘तवानिस्तन्’वर आले.

फिर्दौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या शाहनामा या महाकाव्याच्या प्रारंभी ज्ञानी व समर्थ यांची सांगड घालणारे जे विधान आहे, त्यात याच धातूपासून झालेले ‘तवाना’ (समर्थ, बलवान) हे विशेषण आले आहे. मराठीतील ‘ताजातवाना’ या जोडशब्दाचा उत्तरार्ध हाच होय.

या काळातील भूतकालीन रचनेत मुख्य क्रियापद धातुसाधित नामाच्या (मस्दर) रूपात असे. ते पूर्ण रूपात येई (‘नतवानिस्त रफ्तन्’) किंवा शेवटचा ‘-अन्’ गाळून तोकड्या रूपात येई (‘नतवानिस्त रफ्त’). दोहोंचा अर्थ ‘जाऊ शकला नाही’ असाच आहे. तोकडे रूप दिसण्यात भूतकाळाच्या अंगासारखेच असल्याने, ‘रफ्त’ म्हणजे ‘गेला’ असे समजून वाचणारा नवशिका येथे चुकतो.

अपूर्ण भूतकाळाचे आजचे चिन्ह ‘मी’ हे मध्य फार्सीतील ‘हमे’ या ‘सदैव’ अशा अर्थाच्या शब्दापासून आले आहे. प्रारंभीच्या नव्या फार्सीत ते ‘हमी’ व ‘मी’ अशा दोन रूपांत आढळते. मात्र ते अद्याप क्रियापदाचा अविभाज्य भाग झालेले नव्हते. ते क्रियापदापासून दूर राहू शके, नकारवाचक ‘न’च्या आधी येऊ शके आणि सातत्याचा अर्थ असूनही वगळले जाऊ शके. वारंवार घडणारी किंवा प्रत्यक्षात न घडलेली, केवळ कल्पिलेली कृती दाखविण्यासाठी क्रियापदाच्या शेवटी ‘-ई’ हा प्रत्यय जोडण्याचीही पद्धत होती. ‘शकलो असतो तर’ अशा अर्थी ‘अगर तवानिस्तमी’ असे म्हटले जाई. अबुल-फज्ल बैहकी (९९५–१०७७) याच्या गझनवी घराण्याच्या इतिहासासारख्या ग्रंथांची भाषा या अवस्थेतील आहे. यावरून असे दिसते, की अभिजात फार्सीत चिन्हरहित ‘तवानिस्त’ हे रूप ‘शकला’ व ‘शकत होता’ या दोन्ही अर्थांना पुरत असे. त्यांतला कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भाने ठरे.

आधुनिक इराणी फार्सी : पुढील शतकांत तीन बदल झाले व त्यांतून आजची व्यवस्था सिद्ध झाली. पहिला बदल असा, की ‘मी’ हे चिन्ह नियत झाले. सातत्य, सवय किंवा अपूर्णता सांगावयाची असता ते क्रियापदाला लावणे आवश्यक ठरले. त्यामुळे चिन्हरहित रूप पूर्ण झालेल्या कृतीपुरते मर्यादित होत गेले. दुसरा बदल म्हणजे ‘-ई’ प्रत्यय मागे पडून कल्पित अर्थाचे कार्यही ‘मी’युक्त रूपाकडे आले. तिसरा बदल मुख्य क्रियापदात झाला. धातुसाधित नामाची जागा संभाव्यार्थी रूपाने घेतली आणि या रूपाला पुरुष व वचन यांचे प्रत्यय लागू लागले. ‘मीतवानेस्तम् बेरवम्’ या रचनेत दोन्ही क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. शब्दशः ती ‘मी शकत होतो, मी जावे’ अशी आहे. काळ केवळ पहिल्या क्रियापदात दिसतो, दुसरे वर्तमानकालीन संभाव्यार्थातच राहते. जुनी रचना आता मुख्यत्वे कर्तृनिरपेक्ष प्रयोगात शिल्लक आहे. ‘मीतवान् रफ्त’ म्हणजे ‘जाता येते’. या प्रयोगाला स्वतःचा चालता भूतकाळ नसल्याने ‘जाता येत होते’ असे म्हणावयाचे असता ‘शोदन्’ (होणे) या क्रियापदाचा आधार घेऊन ‘मीशोद रफ्त’ असे म्हणतात.

या व्यवस्थेत भूतकालीन सामर्थ्याच्या पुढील छटा वेगवेगळ्या रूपांनी दाखविल्या जातात : (१) तवानेस्तम् बेरवम् : मी जाऊ शकलो. जाणे साधले, असा अर्थ येथे गृहीत आहे. त्यामुळे यापुढे ‘पण गेलो नाही’ असे म्हटल्यास विसंगती होते. (२) मीतवानेस्तम् बेरवम् : मी जाऊ शकत होतो. यापुढे ‘पण गेलो नाही’ असे म्हणता येते. मध्यमपुरुषी रूप ‘मीतवानेस्ती बेरवी’ हे पुष्कळदा ‘तू जाऊ शकला असतास’ अशा उपालंभाच्या अर्थाने येते. (३) तवानेस्ते-अम् बेरवम् : मी (आतापर्यंत) जाऊ शकलो आहे. (४) तवानेस्ते बूदम् बेरवम् : (त्या वेळेपूर्वीच) मी जाऊ शकलो होतो. (५) शायद तवानेस्ते बाशम् बेरवम् : कदाचित मी जाऊ शकलो असेन. इच्छा व्यक्त करताना येणारे ‘काश मीतवानेस्तम्’ (मला शक्य असते तर किती बरे) हे रूप भूतकाळी असले, तरी त्याचा रोख वर्तमानकाळाकडेही असू शकतो.

नकारात हा भेद अधिकच सूक्ष्म होतो. ‘नतवानेस्त’ आणि ‘नेमीतवानेस्त’ या दोन्ही रूपांत कृती घडलेली नसते. परंतु पहिल्याने एखाद्या ठरावीक प्रसंगी केलेला यत्न असफल झाल्याचे सूचित होते, तर दुसऱ्याने ती शक्ती किंवा मोकळीक त्या काळात नव्हतीच, ही स्थिती सांगितली जाते.

शिकून अवगत केलेले कौशल्य सांगण्यासाठी बोलण्यात ‘बलद बूदन्’ (माहितगार असणे) ही स्वतंत्र रचना आहे. पोहणे, वाचणे, एखादी भाषा बोलणे यांविषयी ती वापरली जाते. बोलीत ‘तवानेस्तन्’चे उच्चारण आखडते व ‘मीतवानेस्तम्’चे ‘मीतुनेस्तम्’ होते.

ताजिक व अफगाण फार्सी : ताजिकिस्तान व अफगाणिस्तान येथील फार्सीच्या रूपांनी वेगळा मार्ग घेतला. तेथे मुख्य क्रियापद संभाव्यार्थी रूपात न येता भूतकालवाचक धातुसाधिताच्या रूपात आधी येते व साहाय्यक क्रियापद नंतर. ताजिकमधील ‘रफ्ता नतवोनिस्तम्’ व काबूलच्या बोलीतील ‘रफ्ता नतानेस्तुम’ यांचा अर्थ ‘मी जाऊ शकलो नाही’ असा आहे. धातुसाधितावर आधारलेली ही रचना वरकरणी बेहिस्तूनच्या लेखातील प्रयोगाची आठवण करून देते. तथापि दोहोंत थेट परंपरा मानण्यास मधल्या काळाचा दुवा हवा. काही अभ्यासक या रचनेमागे पूर्वेकडील इराणी भाषांचा वारसा पाहतात. उझबेकसारख्या तुर्की भाषांत मुख्य क्रियापदाच्या अव्ययरूपी धातुसाधितापुढे साहाय्यक क्रियापद ठेवून सामर्थ्य दाखवितात, त्या पद्धतीचा शतकानुशतकांच्या सहवासातून परिणाम झाला असावा, असे इतर काही मानतात. भारतीय वाचकाला मात्र हा क्रम ओळखीचा वाटतो. ‘जाऊ शकलो नाही’ यातील शब्दांची मांडणी तशीच आहे.

व्याकरणग्रंथांतील विचार : फार्सीत स्वतंत्र व्याकरणाची परंपरा उशिरा सुरू झाली. धर्म व विद्या यांची भाषा अरबी असल्याने व्याकरणाचे परिश्रम मुख्यतः तिच्यावर झाले आणि फार्सीचा विचार छंद, यमक व कोश यांच्या अनुषंगाने होत राहिला. तेराव्या शतकातील शम्स-इ-कैस याच्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात यमकाच्या निमित्ताने प्रत्ययांची चर्चा आली आहे. भारतात कोशरचनेला मोठे उत्तेजन मिळाले. जहांगीराच्या कारकीर्दीत फर्हंग-इ-जहांगीरी हा कोश पूर्ण झाला. तर गोवळकोंड्याच्या कुत्बशाहीत मुहम्मद हुसेन तब्रीझी याने १६५१-५२ मध्ये बुर्हान-इ-काति हा कोश सिद्ध केला व त्याच्या प्रास्ताविक भागात भाषेविषयी विवेचन केले.

यूरोपीय विद्वानांची व्याकरणे सतराव्या शतकापासून मिळतात. लुडोव्हिकस डी ड्यू याचे लॅटिन भाषेतील व्याकरण १६३९ मध्ये लायडन येथे, सर विल्यम जोन्स (१७४६–९४) याचे इंग्रजीतील व्याकरण १७७१ मध्ये आणि मॅथ्यू लम्सडेन याचे विस्तृत व्याकरण १८१० मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध झाले. जोन्स व लम्सडेन यांच्या ग्रंथांमागे कंपनीच्या नोकरांना देशी दरबारांशी होणारा पत्रव्यवहार वाचता यावा, ही निकड होती. १८३७ मध्ये कंपनीच्या कारभारातून फार्सीचे अधिकृत स्थान गेले, तेव्हा ही निकड संपली. इराणी पद्धतीच्या आधुनिक व्याकरणाचा आरंभ मिर्झा हबीब इस्फहानी याच्या इस्तंबूल येथे १८७२ मध्ये निघालेल्या दस्तूर-इ-सुखन या ग्रंथापासून मानला जातो. विसाव्या शतकात अब्दुल-अझीम करीब, त्यांच्यासह पाच प्राध्यापकांनी मिळून रचलेले शालेय व्याकरण आणि परवीझ नातिल खानलरी (१९१४–९०) यांचा फार्सी भाषेचा इतिहास यांमुळे हा अभ्यास स्थिरावला. फ्रेंच विद्वान झिल्बेअर लाझार (१९२०–२०१८) यांनी १९५७ मध्ये समकालीन फार्सीचे व्याकरण व १९६३ मध्ये सर्वांत जुन्या फार्सी गद्याच्या भाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध करून प्राचीन व अर्वाचीन प्रयोगांतील अंतर तपशिलाने दाखविले.

पारंपरिक व्याकरणांनी काळांची वर्गवारी रूपांवरून केली. साधा भूतकाळ ‘माझी-ए-मुत्लक’, अपूर्ण भूतकाळ ‘माझी-ए-इस्तिम्रारी’, याप्रमाणे नावे देऊन ‘तवानेस्तन्’ची रूपे अन्य क्रियापदांप्रमाणेच त्यांत बसविली. सामर्थ्यवाचक क्रियापदाच्या बाबतीत काळाच्या निवडीने ‘घडले’ व ‘घडू शकत होते’ असा अर्थभेद होतो, ही गोष्ट अशा तक्त्यांतून कळत नाही. हा प्रकार केवळ फार्सीपुरता नाही. राजेश भट्ट यांनी १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात ग्रीक व हिंदी या भाषांच्या आधारे दाखविले, की पूर्णतावाचक रूपात आलेले सामर्थ्यवाचक क्रियापद कृतीची निष्पत्ती सूचित करते आणि अपूर्णतावाचक रूपात ती सूचना नाहीशी होते. फार्सीतील ‘तवानेस्त’ व ‘मीतवानेस्त’ ही जोडी या निरीक्षणाशी जुळते.

मराठीशी तुलना : मराठीत हा भेद ‘शकणे’ व ‘येणे’ या दोन्ही क्रियापदांत दिसतो. ‘तो नदी पोहून जाऊ शकला’ व ‘त्याला नदी पोहून जाता आली’ या वाक्यांत नदी पार झालेली आहे. ‘जाऊ शकत होता’ व ‘जाता येत असे’ यांत ती पार झाली असे सांगितलेले नाही. त्यामुळे आधुनिक फार्सीतील दोन्ही रूपे मराठीत अर्थहानी न होता उतरविता येतात. न घडलेल्या कृतीसाठी मराठीत ‘शकला असता’ हे स्वतंत्र रूप आहे. फार्सीत तेच काम ‘मीतवानेस्त’ करते. म्हणून मराठीत आणताना ‘शकत होता’ की ‘शकला असता’, हे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते.

ऐतिहासिक साधनांच्या वाचनातील महत्त्व : बहमनी काळापासून दक्षिणेत फार्सी ही राज्यकारभाराची एक भाषा होती. मराठ्यांच्या इतिहासाची मोगल व दक्षिणी सुलतानी बाजू कळण्यासाठी भीमसेन सक्सेना, खाफीखान, साकी मुस्तइदखान यांचे ग्रंथ आणि मोगल दरबाराची बातमीपत्रे ही साधने अपरिहार्य आहेत. सर जदुनाथ सरकार (१८७०–१९५८) यांनी इंग्रजीतून व सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांनी मराठीतून या साधनांचा परिचय करून दिला. अशा मजकुरात ‘किला गिरिफ्तन् नतवानिस्त’ यासारखी रचना आली, तर ‘किल्ला घेण्याचा यत्न केला पण तो फसला’ आणि ‘किल्ला घेण्याचे बळ त्याच्याजवळ नव्हते’ असे दोन अर्थ संभवतात. पहिल्या अर्थाने वेढा पडल्याचा व उठल्याचा पुरावा मिळतो, दुसऱ्याने केवळ सैन्यबळाविषयीचे मत मिळते. एकातून घटना सिद्ध होते, दुसऱ्यातून होत नाही.

आजच्या इराणी फार्सीचा नियम लावून येथे पहिलाच अर्थ निश्चित करणे धोक्याचे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील भारतीय फार्सी गद्यावर अभिजात ग्रंथांच्या भाषेचा मोठा पगडा होता. सादीचे गुलिस्तान (१२५८) हे तेथील पाठशाळांचे नित्याचे पाठ्यपुस्तक होते. त्यामुळे ‘मी’ हे चिन्ह नसलेले रूप जुन्या रिवाजाप्रमाणे स्थितिवाचक अर्थानेही येऊ शकते. उलट, चिन्ह स्पष्टपणे दिलेले असेल, तर ते लेखकाने विशिष्ट हेतूने योजिले असण्याचा संभव अधिक असतो. अशा ठिकाणी त्याच लेखकाचे इतरत्र आढळणारे प्रयोग, वाक्यातील कालवाचक शब्द व पुढील घटनाक्रम यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो. यांखेरीज दरबारी लेखक आपल्या पक्षाचे अपयश सौम्य शब्दांत मांडतो, हेही विसरता येत नाही. सामर्थ्य नव्हते असे म्हणणे व यत्न फसला असे म्हणणे यांपैकी कोणते रूप त्याने निवडले, हा स्वतःच इतिहासाचा एक पुरावा असतो. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने प्रतिस्पर्ध्यांविषयी जे शब्द कोरविले, त्यांतही ही निवड दिसून येते.